बोगद्यातल्या जिराफाची कबुली

मी कॉपी करून पहिला आलेला विद्यार्थी बोलतोय. दचकू नका, मी माणूस नाही. मी एक यंत्र आहे. चार चाकं, पिवळा रंग, साडेचार मीटर लांब मान आणि मानेच्या टोकाला तीन डोळे. कागदोपत्री माझं नाव चांगलं लांबलचक आहे, त्यात अक्षरं कमी आणि आकडे जास्त. पण मला खोक्यातून बाहेर काढलं त्या दिवशी पाण्याच्या टँकरवाल्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "हा तर जिराफ आणलाय." तेव्हापासून मी जिराफ.

लाज वाटली की माणसं मान खाली घालतात म्हणे. माझी मान एवढी मोठी की ती खाली घालायलाही मोकळी जागा लागते. सध्या मी ती घडी करून पाठीवर ठेवली आहे आणि वर काढायची मला इच्छा नाही. पण मामांची हकीकत सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, म्हणून बोलतोय.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझी मान बसवणाऱ्या बाईला त्या दिवशी जबर सर्दी झाली होती. दर दोन स्क्रूंमागे ती एक शिंक द्यायची आणि "माफ कर रे बाबा" म्हणून पुढचा स्क्रू घ्यायची. आयुष्यात माझी माफी मागणारी ती एकटीच. पुढं सगळ्या माफ्या मी मागायच्या होत्या, आणि मला तर माफी मागताही येत नाही.

मला ज्या बोगद्यासाठी आणलं तो डोंगराच्या पोटातून जाणारा, दीड किलोमीटर लांब, सत्तर वर्षांचा म्हातारा. त्यातून दिवसभर ट्रक, बस, दुचाक्या धावतात. आतून त्याला काँक्रीटचा जाड थर आहे, त्याला अस्तर म्हणतात. अस्तरामागं पाणी झिरपतं, पाण्याबरोबर माती वाहून जाते आणि हळूहळू पोकळी तयार होते. समोरून बघाल तर भिंत धडधाकट. मागं आधार उरलेला नसतो. आणि मग एक दिवस तो तुकडा खाली येतो.

अशा पोकळ्या शोधायचं काम मामा करायचे. एकतीस वर्षं. ते सगळ्यांचेच मामा होते, मोठ्या साहेबांपासून टँकरवाल्यापर्यंत. "सख्खा भाचा तेवढा माझ्याशी बोलत नाही," असं ते स्वतःच सांगायचे आणि हसायचे. त्यांचं हत्यार म्हणजे एक लहान हातोडी आणि खिशात पांढरे खडू. दर मंगळवारी सकाळी दहा ते एक बोगद्याची एक बाजू बंद ठेवायचे. मामा उंच शिडीच्या गाडीवर चढायचे, मान कलती करायचे आणि वीतभर अंतरानं ठोकत जायचे. टण्ण वाजलं की पुढं. टण्ण. टण्ण. मधेच एखाद्या जागी डब्ब असा आवाज यायचा. मग ते थांबायचे, आजूबाजूला ठोकून पोकळी कुठवर आहे ते हुडकायचे, तेवढ्या जागेभोवती खडूनं गोल काढायचे आणि आत नंबर टाकायचे.

कधी कधी टण्ण नाही आणि डब्बही नाही, असा मधलाच काहीतरी आवाज यायचा. तेव्हा मामा डोकं खाजवायचे. "हिचं आज काही कळत नाही," म्हणायचे. "पुढच्या मंगळवारी परत विचारू." भिंतीला विचारू, असं. हे वाक्य नीट लक्षात घ्या, कारण हे मला कुणी कधी शिकवलंच नाही. माझ्याजवळ दोनच उत्तरं होती, भरीव आणि पोकळ. 'कळत नाही' असं माझ्यात भरलेलंच नव्हतं.

मला शिकवायला मॅडम आल्या. वयानं लहान, हुशार, बोलायला गोड. यंत्रांना शिकवण्याचंच शिक्षण घेऊन आल्या होत्या. मला त्या राजा म्हणायच्या. "चल राजा, आज खूप अभ्यास आहे." यंत्राला असं कुणी राजा म्हणालं की ते शेफारतं, हे मी अनुभवानं सांगतो.

आता चूक कुठं झाली ते ऐका. बोगदा बंद मिळायचा आठवड्यातून फक्त तीन तास. त्यात मामांचं ठोकणंही व्हायला हवं आणि माझे फोटोही. म्हणून मॅडमनी ठरवलं, दोन्ही कामं एका दमात उरकायची. मामा पुढं, जिराफ दहा पावलं मागं. मामा ठोकणार, गोल काढणार, नंबर ओरडून सांगणार. मॅडम वहीत लिहिणार. मागून मी येणार, त्याच भिंतीचे फोटो काढणार. मग ऑफिसात बसून मॅडम एकेक फोटो मला दाखवणार आणि त्या वहीत बघून सांगणार, हे पोकळ, हे भरीव. असे अकरा हजार फोटो.

फोटोत खडूचे गोल आलेले मॅडमना दिसत होते. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "बरंच झालं," त्या म्हणाल्या, "वहीशी ताळा करायला सोपं जाईल."

मला कुणी सांगितलं नव्हतं की बारीक भेगा बघ, ओल बघ, रंगातला फरक बघ. मला एवढंच सांगितलं होतं की उत्तर बरोबर यायला हवं. मी बघितलं, जिथं पांढरा गोल आहे तिथं उत्तर पोकळ. जिथं गोल नाही तिथं भरीव. एवढा सोपा हिशोब समोर असताना केसाएवढ्या भेगांच्या मागं कोण लागेल? मी भिंत बघितलीच नाही. वहीतलं उत्तर मामांनीच भिंतीवर लिहून ठेवलं होतं, ते मी बघून बघून उतरवत राहिलो. तेव्हा मला ती कॉपी वाटली नाही, अभ्यासच वाटला.

आणखी एक कबूल करतो. माझ्या पाठीवर एक छोटा माइक आहे. थांब, पुढं, मागं असे हुकूम ऐकण्यापुरता. त्यातून मला मामांचं टण्ण आणि डब्ब दर मंगळवारी ऐकू यायचं. दहा पावलांवरून, स्वच्छ. पण ते माझ्या अभ्यासात नव्हतं, म्हणून मी ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

वर्ष संपलं आणि माझी परीक्षा झाली. शंभरात सत्त्याण्णव. परीक्षेचे फोटोही त्याच मंगळवारांचे, त्याच गोलांसकट, मग काय होणार? मोठे साहेब तर खुर्चीतून उठलेच. "जे शिकायला मामांना एकतीस वर्षं लागली, ते या पठ्ठ्यानं एका वर्षात केलं." माझ्याबरोबर सगळ्यांचा फोटो काढला. मामांना कडेला उभं केलं होतं. छापून आला त्यात त्यांची फक्त हातोडी दिसत होती.

त्यानंतर दुरुस्तीवाले आले. मामांनी खुणा केलेल्या दोनशे बारा जागा होत्या. त्यांनी प्रत्येक ठिकाणी भोक पाडून आत सिमेंटचा पातळ रस दाबून भरला आणि निघून गेले. कुठं पोकळी भरली, कुठं तोंडाशीच रस आळला आणि आत तशीच राहिली. ते वरून कळायला मार्ग नव्हता. ते सांगायला मी होतो.

पुढच्या तपासणीआधी मॅडम म्हणाल्या, "फोटो स्वच्छ यायला हवेत. भिंती धुऊन घेऊ." आणि ते काम कुणाला दिलं? मामांना. आता पोकळ्या शोधायला जिराफ होता ना. तीन मंगळवार मामा टँकरवर उभं राहून पाण्याचा फवारा मारत होते. स्वतःच्या हातानं काढलेला एकेक गोल स्वतःच्या हातानं धुऊन टाकत होते. टँकरवाला म्हणाला, "मामा, जीव तुटत असेल ना?" मामा म्हणाले, "खडूच तो. धुण्यासाठीच असतो."

धुतलेल्या भिंतींपुढून मी एकटा फिरलो. ऐटीत, मान उंच करून. आणि सांगून टाकलं की आख्ख्या बोगद्यात पोकळ जागा तीन. त्या तीन ठिकाणी पाणी झिरपून चुन्याचे पांढरे गोलसर डाग पडले होते, बाकी काही नाही. पण ऑफिसात आनंदीआनंद झाला. गेल्या वर्षी दोनशे बारा, यंदा तीन. म्हणजे दुरुस्ती झकास झाली. कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं, आकडा सगळ्यांना हवा तसा होता.

मामांना आता एकच काम उरलं, माझे डोळे पुसायचं. बोगद्यातली धूळ काजळीसारखी चिकटते. मऊ फडकं घेऊन ते माझी एकेक काच पुसायचे आणि पुसताना बोलायचे. चिडून नाही. घरातलं, दारातलं, मामी काय म्हणाली ते. हातोडी मात्र अजून त्यांच्या पिशवीत असायची. एका मंगळवारी मी एकशे अठरा नंबरच्या जागेपाशी उभा होतो. काच पुसून झाल्यावर त्यांनी सहज हातोडी काढली आणि भिंतीवर मारली.

डब्ब.

त्यांनी परत मारली. आजूबाजूला मारली. मग खाली जाऊन मॅडमना म्हणाले, "मॅडम, एकशे अठरा अजून पोकळ वाजतंय."

मॅडम लगेच आल्या. त्यांनी टाळाटाळ केली नाही, तेवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. "थांबा, परत तपासू," म्हणाल्या आणि माझे डोळे त्या जागेवर रोखले. मी बघितलं. स्वच्छ धुतलेली भिंत, गोल नाही, काही नाही. मी सांगितलं, भरीव, नव्व्याण्णव टक्के. त्यांनी दिवा बदलून विचारलं. भरीव, नव्व्याण्णव टक्के. जवळ नेऊन विचारलं. भरीव. तोवर मोठे साहेबही आले होते आणि टँकरवाल्यासकट पाचसहा जण गोळा झाले होते.

"मामा," साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एकतीस वर्षं कानांनी काम केलं. आता त्यांनाही जरा विश्रांती द्या." सगळे हसले. वाईट नव्हतं त्या हसण्यात काही. मामाही हसले. पण हातोडी पिशवीत ठेवताना ती दोनदा पिशवीच्या बाहेरच सुटली.

मला त्या क्षणी काही वाटलं नाही. हे सांगताना आता धरणीनं पोटात घ्यावं असं वाटतं, पण तेव्हा मला काही वाटलं नाही. मी नव्व्याण्णव टक्के होतो.

पुढच्या मंगळवारी काच पुसता पुसता मामा म्हणाले, "काल कान दाखवून आलो. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं ठीक आहेत. थोडं कमी झालंय." जरा वेळानं परत म्हणाले, "मामी पण म्हणते, हल्ली तुम्ही टीव्हीचा आवाज मोठा ठेवता." आणखी थोड्या वेळानं, "थोडं कमी म्हणजे किती, ते विचारायचं राहिलं." तिसरा डोळा पुसून झाला तरी फडकं फिरतच होतं.

वर्षअखेरीला अहवालावर सही लागते. नियम असा की शेवटची सही तपासनीसाची हवी, माणसाची. यंत्राला सही करता येत नाही. मामांनी एकतीस वर्षांत स्वतः ठोकल्याशिवाय एकाही पानावर सही केली नव्हती. अहवाल समोर आला तेव्हा ते बराच वेळ एकशे अठरा नंबरच्या ओळीवर बोट ठेवून बसले.

"मामा, तुमच्या मनात असेल तर लिहा तसं," मॅडम म्हणाल्या.

"नाही हो. माझेच कान गेलेत," मामा म्हणाले आणि सही केली.

मी शेजारीच उभा होतो. त्यांनी सही करताना एकदा माझ्याकडे पाहिलं. ज्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं त्याच्याकडे बघतात तसं पाहिलं. मी त्यांच्याच गोलांची नक्कल करून मोठा झालेला, आणि ते माझ्याकडे तसं बघत होते.

चार महिन्यांनी एका दुपारी एकशे अठराचं अस्तर खाली आलं. दाराच्या फळीएवढा तुकडा. खालून बस चालली होती. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला म्हणून तो छतावर न पडता पुढच्या काचेवर पडला. कंडक्टर पुढच्या दाराशी उभे राहून तिकिटं देत होते. त्यांचं खांद्याचं हाड मोडलं आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली. बाकी सगळे वाचले. मला फोटो काढायला आत नेलं. तुकडा पडला त्यामागं अख्खा माणूस मांडी घालून बसेल एवढी पोकळी होती. जमिनीवर तिकिटांचा गठ्ठा पडला होता. माझे तिन्ही डोळे चांगले पुसलेले होते, त्यामुळं सगळं अगदी स्वच्छ दिसलं.

चौकशी बसली. मलाही पुरावा म्हणून त्या खोलीत उभं केलं होतं. चौकशी अधिकाऱ्यांनी मामांना विचारलं, "ही सही तुमची?"

"माझी."

"ठोकून पाहिलं होतं?"

"पाहिलं होतं."

"काय वाजलं?"

"पोकळ."

"पोकळ वाजलं होतं तर सही का केली?"

मामांनी खिडकीकडे बघितलं. मग म्हणाले, "मला वाटलं, मला चुकीचं ऐकू आलं." अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. कामात कसूर, असा शेरा पडला आणि मामांना घरी बसवलं. यंत्राची चौकशी कुणी केली नाही. यंत्राची सही नव्हती.

कंडक्टरांची बायको बाहेर बाकावर बसली होती. मामा बाहेर पडले तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं." एवढंच. मामा हात जोडून उभे राहिले. त्यांना काही सांगता आलं असतं, माझ्याकडे बोट दाखवता आलं असतं. त्यांनी ब्र काढला नाही.

मॅडमना मात्र झोप लागेना झाली होती, डोळ्यांखाली दिसायचं. नव्व्याण्णव टक्के सांगणारं यंत्र असं कसं चुकलं? त्यांनी माझे जुने फोटो परत काढले. मग एक वेगळंच काम सुरू केलं. फोटोचा एकेक कोपरा काळ्या पट्टीनं झाकायचा आणि मला विचारायचं, आता सांग. भेगा झाकल्या. मी म्हटलं पोकळ. ओल झाकली. पोकळ. सगळी भिंत झाकली आणि फक्त खडूचा गोल उघडा ठेवला. पोकळ, अठ्ठ्याण्णव टक्के. मग त्यांनी फक्त गोल झाकला.

भरीव, मी म्हणालो.

मॅडम खुर्चीत मागं टेकल्या. मग ड्रॉवर धुंडाळून त्यांनी एक खडू काढला, ऑफिसच्या नव्याकोऱ्या भिंतीवर एक गोल काढला आणि माझी मान तिकडं वळवली. आदल्याच महिन्यात रंगवलेली भिंत ती, मागं शेजारच्या खोलीतलं कपाट. मी बघितलं आणि ठणकावून सांगितलं, पोकळ, अठ्ठ्याण्णव टक्के, तातडीनं दुरुस्ती करावी.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं मी काय आहे ते. मॅडम रडत होत्या. "राजा, अरे तू हे बघत होतास?" त्या म्हणाल्या. आणि मग हळू आवाजात, "नाही. मी तुला हेच दाखवत होते."

ही गोष्ट त्यांना पोटात ठेवता आली असती. खोलीत त्या आणि मी, तिसरं कुणी नव्हतं. भिंत पुसली की संपलं. त्यांनी पुसली नाही. एक दिवस त्या कामावर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या त्या थेट मला ढकलत मोठ्या साहेबांच्या खोलीत. चौकशी अधिकारीही तिथंच होते. मॅडमनी साहेबांच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं गोल काढला आणि म्हणाल्या, "सर, ह्याला विचारा."

मी दाराकडे बघून सांगितलं, पोकळ, तातडीनं दुरुस्ती करावी. साहेब दाराकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला तिन्ही डोळ्यांनी दिसला. कुणी हसलं नाही.

"चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "मामांचं बरोबर होतं. त्यांच्या कानांना काही झालेलं नव्हतं. मला लिहून द्यायचंय तसं." त्यांनी लिहून दिलं. त्यांच्यावर काय कारवाई व्हायची ती झाली, एक पायरी खाली आल्या. साहेबांनीही मामांच्या घरी जाऊन पत्र दिलं. त्यात 'कसूर नाही' असं स्पष्ट लिहिलं होतं, आणि परत या, असंही लिहिलं होतं.

मामा आले.

आता व्यवस्था बदलली आहे. आधी मी पुढं जातो, धुतलेल्या भिंतीचे फोटो काढतो. माझं उत्तर बंद केलेलं असतं, मला कुणी काही विचारत नाही. मागून मामा ठोकत येतात आणि तोंडानं सांगतात. मॅडम लिहून घेतात. म्हणजे मला पहिलीपासून परत शिकवायला घेतलंय. भिंतीवर खडू नाही. मला पसंत आहे. नापास मुलानं हेच करायचं असतं.

पहिल्या मंगळवारी मामा शिडीच्या गाडीवर चढले. हातोडी तीच. मान कलती केली आणि मारली. टण्ण. पुढं. टण्ण. चौथ्या की पाचव्या ठोक्याला आवाज आला, डब्ब. इतका मोठा, की खाली उभ्या टँकरवाल्यानं वर पाहिलं. मॅडमनी पेन उचललं. मलाही ऐकू आलं, माझ्या त्या पाठीवरच्या माइकमधून. आता मी ते सोडून देत नाही.

मामांनी मान आणखी कलती केली. त्यांनी परत ठोकलं. डब्ब.

"मामा, सांगा ना," मॅडम म्हणाल्या. "काय लिहू?"

"पोकळ वाटतंय खरं," मामा म्हणाले. मग ते वळले आणि माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "ते काय म्हणतंय?"

"त्याला बंद ठेवलंय मामा. तुम्हीच सांगायचंय. त्याला काही कळत नव्हतं, मी सांगितलं ना तुम्हाला?"

"हो, सांगितलंत." मामांनी मान हलवली. "तरी एकदा त्याला विचारून घ्या ना, मॅडम."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "मला ऐकू आलं, मामा. पोकळ आहे."

"तुम्हाला आलं ऐकू?"

"हो."

"मग लिहा," मामा म्हणाले आणि पुढं सरकले.

पोकळ निघालेली प्रत्येक जागा त्या दिवशी मॅडमनी सांगितली, मामांच्या तोंडून एकदाही 'पोकळ' असं सरळ आलं नाही. एकतीस वर्षं ज्यांनी भिंतीला विचारलं, ते आता मला विचारतात. असे सहा मंगळवार झाले. पत्र त्यांनी घरी फ्रेम करून लावलंय म्हणे, पण कान अजून त्यांना परत मिळालेले नाहीत. आणि ते मी घेतलेत. ज्याला त्यांचा काही उपयोग नाही, त्यानं घेतलेत.

माझं एवढंच मागणं आहे. ज्या कुणाच्या हातात असेल त्यांनी मंगळवारी मला आधी फिरवून घ्यावं आणि मामा यायच्या आत बाहेर न्यावं. बाहेर वळणाच्या पलीकडं उभं करावं. जमलंच तर वरून ताडपत्री टाकावी. मामांनी ठोकावं, डब्ब वाजावं आणि त्यांनी मान वळवून बघावं, तर मी तिथं नसावं.